पाणी सगळ्यांना सारखं का मिळत नाही? इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी चार तासिका

पाण्यावरचा पाठ बहुतेक वेळा ‘पाणी वाचवा’ या फलकापाशी येऊन थांबतो. दात घासताना नळ बंद करा, थेंब थेंब जपा, आणि तास संपला. ही सवय चांगलीच आहे, पण तिच्यामुळे मुलांच्या डोक्यात एक चुकीचं गणित पक्कं होतं: आपण एक बादली वाचवली की ती तहानलेल्या कुणाला तरी पोहोचते. तशी ती पोहोचत नाही. शुद्ध पाणी कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे पाइपलाइन, अंतर, पैसा, देखभाल आणि कुणाचं ऐकलं जातं यावर ठरतं. भरपूर पाऊस पडणाऱ्या प्रदेशातही माणसं गढूळ पाणी पितात आणि वाळवंटातल्या शहरात घरोघरी नळ असतो. मुलांना हे समजावं म्हणून पुढच्या चार तासिका आहेत. तिन्ही मोजमापं त्यांनी स्वतःच्या हाताने करायची: लिटर, मिनिट आणि मीटर.

आधी शिक्षकाने सांभाळायच्या गोष्टी

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी नळ नसेल, हे गृहीत धरूनच तयारी करा. ‘कुणाच्या घरी पाणी येत नाही, हात वर करा’ हा प्रश्न कधीही विचारू नका. घरच्या पाण्याचा तक्ता भरून आणायला सांगू नका, कारण तो तक्ता मुलाच्या परिस्थितीचा जाहीरनामा ठरतो. मोजमाप शाळेतल्या नळावर करायचं आणि घराचा विषय काल्पनिक कुटुंबाच्या कार्डावर चालवायचा. ज्याला स्वतःहून सांगावंसं वाटेल तो सांगेल, आणि तेव्हा त्याला वर्गातला जाणकार म्हणून ऐकायचं.

खेळातल्या भूमिका चिठ्ठ्या टाकूनच वाटा. ‘तू जरा दणकट आहेस, तू लांबच्या गटात जा’ असं केलं की खेळ बिघडतो. पाणी वाहायच्या गटात फक्त मुली येणार नाहीत हेही बघा.

आणखी एक पक्का नियम. अनुभव यावा म्हणून मुलांचं खरं पिण्याचं पाणी रोखायचं नाही, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही. रडवेल्या चेहऱ्यांचे फोटोही नकोत. दया वाटली की मूल हळहळतं आणि विचार करायचं थांबतं.

पहिली तासिका: जग म्हणजे चाळीस मुलं

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून पाण्याची जागतिक पाहणी करतात. त्यात पाच पायऱ्यांची एक शिडी आहे, ती फळ्यावर काढा. सगळ्यात वर ‘सुरक्षित व्यवस्था’: पाणी घरात किंवा आवारात, हवं तेव्हा, आणि दूषित नसलेलं. त्याखाली ‘मूलभूत’: स्रोत संरक्षित, जाऊन-येऊन आणि रांगेसकट ३० मिनिटांच्या आत. तिसरी ‘मर्यादित’: स्रोत तसाच, पण ३० मिनिटांहून जास्त वेळ. चौथी ‘असंरक्षित’: उघडी विहीर किंवा उघडा झरा. शेवटची थेट नदी, तळं, कालवा.

२०२४ सालच्या आकड्यांनुसार २१० कोटी माणसांना वरच्या पायरीची सोय नव्हती. त्यांतले सुमारे १४० कोटी दुसऱ्या पायरीवर, २८.७ कोटी तिसऱ्या, ३०.२ कोटी चौथ्या आणि १०.६ कोटी शेवटच्या पायरीवर होते. हे आकडे तोंडी सांगून उपयोग नाही, पाचवीच्या मुलाला कोटी आणि दशकोटी सारखेच वाटतात. त्याऐवजी वर्गालाच जग करा. ४० मुलं असतील तर एक मूल म्हणजे साधारण २० कोटी माणसं. मग ३० मुलं पहिल्या पायरीवर, ७ दुसऱ्या, १ तिसऱ्या आणि उरलेली २ शेवटच्या दोन पायऱ्यांवर मिळून. मैदानात चुन्याने पाच पट्टे आखा आणि चिठ्ठ्या उचलून मुलांना उभं करा.

शेवटच्या पायरीच्या वाट्याला अर्धंच मूल येतं, आणि इथे वर्ग हसतो. हसू द्या. मग विचारा, हे अर्धं मूल म्हणजे किती माणसं? १०.६ कोटी. हा भागाकार त्यांनाच करू द्या. पट ३२ किंवा ५१ असेल तर टक्क्यांवरून संख्या काढणं हाच गणिताचा स्वाध्याय होतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे मुलं दुसऱ्या पायरीला ‘पाणी आहे, मग झालं’ म्हणून सोडून देतात. त्यांना आठवण करून द्या की तिथलं पाणी घराबाहेर असू शकतं, ठरावीक तासांनाच येऊ शकतं किंवा दूषितही असू शकतं. शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांमधला फरक सगळ्यात जास्त माणसांना सोसावा लागतो आणि तोच सगळ्यात कमी दिसतो.

दुसरी तासिका: वीस किलो आणि चाळीस मिनिटं

या तासाला मैदान लागतं. सामान असं: २० लिटरचा एक कॅन, २ लिटरच्या झाकणासकट दहा-बारा बाटल्या, चार बादल्या, मोजपट्टी किंवा १० मीटरची खुणा केलेली दोरी, दोन स्टॉपवॉच आणि दहा-दहा गणितांचे कागद.

सुरुवात भरलेल्या कॅनपासून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण २० लिटरचा कॅन जमिनीवरून जरा तिरका करून पाहिला की ते पहिल्यांदा कळतं. तिरकाच करायचा, उचलायचा नाही. पुढच्या खेळातही कुणाच्या हातात स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं देऊ नका. ३० किलोच्या मुलाला ३ लिटर ही हद्द झाली.

आता नळ तयार करा. २ लिटरच्या एका बाटलीच्या झाकणाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, बाटलीचं बूड कापा आणि ती उलटी टांगा. वरून एक जण तांब्याने पाणी ओतत राहील, म्हणजे धार कमी होणार नाही. बूड न कापता नुसती उलटी केली तर आत हवा शिरत नाही आणि पाणी गचके देत येतं. या धारेखाली २ लिटरची बाटली भरायला साधारण ३ ते ४ मिनिटं लागतात. आधी एकदा स्वतः मोजून बघा, भोक किंचित मोठं झालं तरी वेळ बराच बदलतो.

चार गट करा. प्रत्येकाला १५ मिनिटांत ६ लिटर पाणी आपल्या बादलीत जमवायचं आहे आणि त्याच वेळात कागदावरची गणितंही सोडवायची आहेत. एका खेपेला एकच मूल, एकच बाटली. ते परतल्यावर पुढचं निघेल. पळायचं नाही.

पहिल्या गटाची बादली शाळेच्या नळाखालीच. दुसऱ्याचा नळ ५० मीटरवर. तिसऱ्याचा १५० मीटरवर आणि तोही भोकाच्या झाकणाचा. चौथ्या गटाला तिसऱ्याइतकंच अंतर आणि तसाच नळ, पण पाणी माती कालवलेलं. ते आणून चौपदरी कापडातून गाळायचं. पहिल्या गटाचं काम दोन मिनिटांत उरकतं आणि त्यांची गणितं पूर्ण होतात. तिसऱ्या गटाच्या १५ मिनिटांत जेमतेम दोन खेपा होतात, बादलीत ४ लिटर. त्यांच्या कागदावर बघा: जे मूल पाण्याला गेलं त्याची गणितं कोरीच राहतात. हा कोरा कागद सगळ्यांना दाखवून विचारा, या मुलाला गणित येत नाही असं म्हणायचं का?

खेळ झाला की पाणी झाडांना घाला आणि वर्गात येऊन हिशेब मांडा. आपत्तीत सापडलेल्या लोकांना मदत करणाऱ्या संस्था ‘स्फिअर’ नावाचे निकष पाळतात. त्यात माणशी रोज किमान १५ लिटर, नळ ५०० मीटरच्या आत, आणि मिनिटाला ७.५ लिटर देणाऱ्या एका नळामागे फार तर २५० माणसं, असं धरलेलं आहे. पाच माणसांच्या घरातून एक जण २० लिटरचं भांडं घेऊन ५०० मीटरवर निघाला, असं समजा. रिकाम्या हाताने ताशी ४ किलोमीटरने जायला साडेसात मिनिटं. पुढे सात जण उभे. एक भांडं भरायला २ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे स्वतःचं धरून आठ भांड्यांना २१ मिनिटं. भरलेलं भांडं घेऊन ताशी ३ किलोमीटरने परतायला १० मिनिटं. एकूण ३९ मिनिटांच्या आसपास.

अंतर निकषात बसलं, तरी शिडीवर हे घर ‘मर्यादित’ पायरीवर घसरलं. कारण रांग.

पुढचा गुणाकार मुलांना करू द्या. खेप ४० मिनिटांची धरा. माणशी २० लिटर म्हणजे घराला १०० लिटर, ५ खेपा, ३ तास २० मिनिटं. नीट जगायला माणशी रोज ५० ते १०० लिटर लागतात असं संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं आहे. त्यातले ५० धरले तरी २५० लिटर, १३ खेपा, ८ तास ४० मिनिटं. हे कुणालाच शक्य नाही, म्हणून पाणी बाहेरून आणणारं घर वापरच कमी करतं. पिणं आणि स्वयंपाक सुटत नाही, मग हात धुणं आणि अंघोळ यांना कात्री लागते. नळाच्या अंतराचा आजारपणाशी संबंध असा आहे, आणि ‘त्या लोकांना स्वच्छतेची सवय नसते’ या वाक्याला उत्तरही हेच.

खेपा कोण करतं हाही प्रश्न याच तासाला घ्या. ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, अशा दहापैकी सात घरांत ते आणायची जबाबदारी बाई किंवा मुलीवर असते, असं २०२३ साली जाहीर झालेल्या जागतिक पाहणीत दिसलं.

तिसरी तासिका: नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

चारही तासांत माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात जास्त काळजीने घ्यायचा. या तासातलं कुठलंही पाणी कुणीही चाखायचं नाही. प्रत्येक भांड्यावर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी आधीच चिकटवा.

मुलांनी गाळणी बनवायची. बूड कापलेली दीड लिटरची बाटली उलटी धरा, तोंडाशी कापूस आणि वर सुती कापडाचा तुकडा, त्यावर ५ सेंटिमीटर बारीक वाळू, ५ सेंटिमीटर जाड वाळू, सगळ्यात वर ५ सेंटिमीटर खडी. वाळू आधी सात-आठ पाण्यांतून, निवळ पाणी येईपर्यंत धुवायची. न धुता भरली तर गाळलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा गढूळ येतं आणि सगळा गट हिरमुसतो. पाणी जोरात ओतलं तर वाळूत खड्डा पडतो आणि पाणी बाजूने सरळ निसटतं, म्हणून चमच्यावरून सावकाश सोडायचं. गाळायचं पाणी तळ्याचं किंवा ओढ्याचं घ्या. ते मोठ्या माणसाने हातमोजे घालून आणायचं.

गढूळ पाणी वरून टाकलं आणि खालून नितळ धार आली की वर्गात टाळ्या पडतात. नेमकं तिथे थांबू नका.

जिवाणू तपासायच्या हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या मिळतात. पूर्ण चाचणी किट घ्यायची गरज नाही, चार बाटल्या पुरतात. एकीत गाळण्याआधीचं पाणी, दुसरीत गाळलेलं, तिसरीत शाळेच्या पिण्याच्या नळाचं, चौथीत उकळून थंड केलेलं. प्रत्येकीत खुणेपर्यंत पाणी भरून घट्ट झाकण लावा आणि २५ ते ३५ अंश तापमानाला सावलीत ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याची दाट शक्यता आहे.

दुसऱ्या दिवशी मुलं धावत येऊन बघतात तेव्हा पहिली बाटली शाईसारखी काळी असते, आणि बहुतेक वेळा दुसरीही. आदल्या दिवशी ज्या नितळ पाण्याला टाळ्या मिळाल्या होत्या तेच हे पाणी. वाळूने माती अडवली, जिवाणू तिच्या फटींतून निघून गेले. मुलांना गप्प उभं राहून बघू द्या. या एका काळ्या बाटलीने जे कळतं ते पानभर व्याख्यांनी कळत नाही.

कुठे फसतं तेही लक्षात ठेवा. पाणी भरल्यावर काही मिनिटांतच काळं पडलं तर तो जिवाणूंचा पुरावा नाही. त्या भूजलात आधीच सल्फाइड असावं, तो नमुना बाजूला ठेवा. थंडीत खोली २० अंशांच्या खाली गेली तर रंग यायला उशीर होतो. चौथी, उकळलेल्या पाण्याची बाटली काळी पडली तर भांडं किंवा हात अस्वच्छ होते, सगळी चाचणी पुन्हा करा. काळ्या बाटल्या मुलांनी उघडायच्या नाहीत. मोठ्या माणसाने हातमोजे घालून त्यांत ब्लीचचं द्रावण ओतावं, अर्धा तास ठेवावं आणि मग संडासात टाकून द्यावं.

शाळेच्या नळाची बाटली काळी पडली तर? ही शक्यता धरूनच मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. तसं झालं तर त्याच दिवशी त्या नळाचं पाणी पिणं थांबवून मुलांना उकळलेलं किंवा दुसरीकडचं सुरक्षित पाणी द्या, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. निकाल मुलांपासून लपवला तर आधीचे तीन तास वाया गेले म्हणून समजा.

या चाचणीला न दिसणारी विषंही आहेत, त्यांचा उल्लेख याच तासात करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार लिटरमध्ये फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपर्यंत आणि आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. दोन्हींना या प्रमाणाच्या आसपास रंग नाही, वास नाही. उकळल्याने जिवाणू मरतात (पाणी खळखळून उकळल्यावर १ मिनिट, २००० मीटरहून उंचावर ३ मिनिटं), पण आर्सेनिक आणि फ्लोराइड तसेच राहतात, उलट वाफ गेल्यामुळे किंचित दाट होतात. म्हणजे ‘उकळून प्या’ हा सल्ला प्रत्येक गावाला लागू पडत नाही. आपल्या पाण्यात काय आहे हे कळायला प्रयोगशाळा लागते, आणि ती सगळ्यांच्या आवाक्यात नसते. विषमतेचा हा भाग सहसा नजरेतून सुटतो.

चौथी तासिका: हे कुणी ठरवलं?

तीन खऱ्या घटना तीन कार्डांवर लिहा, प्रत्येकीवर चार-पाच ओळी पुरेत.

अमेरिकेतलं फ्लिंट शहर, २०१४. खर्च वाचवण्यासाठी शहराचा पाणीस्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. ते पाइप गंजवणारं होतं आणि गंज रोखायचं रसायन घातलं नव्हतं, त्यामुळे जुन्या पाइपांतलं शिसं घरोघरच्या पाण्यात उतरलं. लोक तक्रार करत होते, तरी पाणी ठीक आहे असंच त्यांना बराच काळ सांगितलं गेलं.

दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन, २०१८. सलगच्या दुष्काळामुळे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली आणि जगभर बातम्या झाल्या. पण त्याच शहरातल्या झोपडवस्त्यांत लोक आधीपासूनच सार्वजनिक नळांवर रांगा लावून पाणी भरत होते.

महाड, २० मार्च १९२७. चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, तरी अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तिथे पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. तळ्यात पाणी कधीच कमी नव्हतं.

प्रत्येक गटाने एका कार्डावर चार प्रश्नांची उत्तरं काढायची: पाणी होतं का? अडचण पाण्याची होती की आणखी कशाची? निर्णय कुणाच्या हातात होता? ज्यांना त्रास झाला त्यांना कुणी विचारलं का? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलं ‘सरकारने केलं’ असं मोघम उत्तर देतात, तेव्हा ‘म्हणजे नेमकं कुणी?’ असं पुन्हा विचारा.

मग सांगा की २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. बाजूने १२२ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ ४१. हक्क म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तो मिळाला नाही तर जाब कुणाला विचारायचा?

त्याचा सराव शाळेतच होतो. दोन-दोन मुलांच्या जोड्या करून शाळेतल्या प्रत्येक नळाची नोंद घ्यायला लावा: चालू आहे का, १ लिटर भरायला किती सेकंद लागतात, जमिनीपासून उंची किती, सगळ्यात दूरच्या वर्गापासून किती मीटर, मधल्या सुट्टीत एका नळामागे किती मुलं येतात, पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचतो का, चाकाच्या खुर्चीतून जाता येतं का, टाकी शेवटची कधी धुतली. टाकीची तारीख बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही, तर तिथे ‘नोंद नाही’ असंच लिहायचं.

या नोंदींवरून मुलांनी मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज लिहायचा. ‘पाण्याची सोय चांगली करावी’ असं वाक्य त्यात चालणार नाही. ‘इमारतीच्या मागच्या ५ नळांपैकी २ बंद आहेत, उरलेल्या प्रत्येकामागे मधल्या सुट्टीत ७० मुलं येतात, एक नळ पहिलीच्या मुलांसाठी ३० सेंटिमीटर खाली घ्यावा’, असं लिहायला शिकवा. अर्जावर तारीख, पोच घेतल्याची सही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला जाणाऱ्या दोघांची नावं.